मामाजींच्या चेहऱ्याला लावलेली पावडर

एक धडधाकट माणूस डोळ्यांसमोर आणा. रसायनशास्त्रात पीएचडी करणारा. मे महिन्याच्या भर दुपारी तो आपल्या स्वर्गवासी सासऱ्यांच्या फोटोपुढे दोन्ही कान धरून उभा आहे आणि म्हणतोय, "मामाजी, माझं काय चुकलं ते तरी सांगा." आणलात? आता त्याच्या जागी मला उभं करा. आणि चहा घ्या, तो निवला तर गोष्टीची मजा जाते.

आमचं काम तुम्हाला आधी थोडक्यात सांगावं लागेल. मी नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवतो आणि त्या काळात टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरीवर पीएचडी करत होतो. नाव ऐकून घाबरू नका. भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये जो पांढरेपणा असतो तो याच पावडरीचा. मी तिची फार बारीक, डोळ्यांना दाणा दिसणारच नाही अशी जात बनवत होतो. यात खरी गंमत अशी की पदार्थ तोच, पण बनवला कसा, यावर त्याचा स्वभाव ठरतो. साखरेचा पाक बघा ना. साखर तीच, पण आच थोडी कमीजास्त झाली की गुलाबजामाचा पाक चिक्कीचा होऊन बसतो. तसंच हे. टायटॅनियमच्या मूळ द्रवात पाणी भसकन ओतलं तर गोळे होतात, थेंबथेंब सोडलं तर छान जेली जमते. ती वाळवून भट्टीत साडेचारशे-पाचशे डिग्रीवर भाजली तर दाणा बारीक राहतो आणि पावडर चपळ होते. आठशेच्या वर नेली तर दाणे एकमेकांना चिकटून मोठे होतात, आतली ठेवणच बदलते आणि पावडर आळशी होते.

चपळ म्हणजे नेमकं काय करते, ते तुम्हाला नंतर सांगतो. तेव्हा ते माझ्याही डोक्यातून गेलं होतं.

माझी सासुरवाडी लकडगंजात. खाली आरामशीन, म्हणजे लाकूड कापायचं यंत्र, आणि लाकडाचे ढीग, वर घर. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अख्खं आयुष्य त्या मशीनच्या आवाजात काढलेले. बोलणं कमी, मिशी भरघोस आणि तिला दर रविवारी काळा रंग. ते गेले तेव्हा माझ्या साळ्यानं, नितीननं, त्यांचा मोठा रंगीत फोटो कॅनव्हासवर छापून आणला. खुर्चीवर बसलेले, काळा कोट, गुडघ्यांवर हात, आणि नजर अशी की तुम्ही हॉलमध्ये कुठंही बसा, ती तुमच्यावरच. मी जावई, त्यामुळे माझ्यावर जरा जास्तच.

आधी फोटोला काच होती. ती मामींनी काढायला लावली. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. समोर पश्चिमेची मोठी खिडकी, दुपारभर ऊन थेट फोटोवर. मामींचं म्हणणं होतं की काचेत खिडकीच दिसते, हे दिसत नाहीत. काच गेली आणि भुसा आला. आरामशीनचा बारीक भुसा दिवसभर वर उडायचा आणि मामाजींच्या चेहऱ्यावर बसायचा. मामी रोज सकाळी ओल्या फडक्यानं हलक्या हातानं तो पुसायच्या. एकदा माझ्यादेखत पुसता पुसता म्हणाल्या, "पुसून पुसून यांचा चेहरा झिजून जाईन एखाद दिवशी."

इथं माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. त्याला झोपूच द्यायला हवं होतं.

टायटॅनियमच्या पावडरीचा पातळ थर दिलेली काच स्वतःहून स्वच्छ राहते, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. मी मामींना म्हटलं, काळजी करू नका, मी असा लेप लावून देतो की मळ टिकणारच नाही. सासुरवाडीत माझा काही उपयोग होण्याची ती पहिलीच वेळ होती. आजवर त्या घरात कुणाला नीट कळलंच नव्हतं की मी पावडर बनवतो म्हणजे करतो काय.

काम मी मन लावून केलं, हे आधी सांगून ठेवतो. आधी आळशी पावडर एका जुन्या कॅलेंडरवर लावून पाहिली. ती गव्हाच्या पिठासारखी पांढरट दिसायला लागली. ही नको. मग माझी सगळ्यात सुंदर पावडर काढली. पाणी थेंबथेंब सोडून जमवलेली, भट्टीत अगदी मापात भाजलेली, जिच्या जोरावर मला पीएचडी मिळणार होती ती. स्पिरिटमध्ये घोळवून मऊ ब्रशनं मामाजींच्या चेहऱ्यावर आणि हातांवर तिचा थर दिला. काळ्या कोटाला हात लावला नाही, कोट झिजण्याची कुणाला काळजी नव्हती. थर वाळला आणि दिसेनासा झाला. मामींनी जवळ येऊन पाहिलं. काही लावलंय असं वाटतच नाही, म्हणाल्या. त्या रात्रीच्या जेवणात मला आग्रहाची पुरणपोळी होती.

मग ऊन तापायला लागलं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते मामींच्या. त्यांनी माझ्या बायकोला, शुभांगीला, फोन केला आणि फार हळू आवाजात सांगितलं की यांची मिशी पांढरी होऊन राहिली. शुभांगीला वाटलं आईला मोतीबिंदू झाला. आम्ही गेलो. मी फोटोच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. मिशी खरंच पिकली होती. काळ्याची तपकिरी, तपकिरीची भुरी. गाल उतरले होते. कपाळावरचा गंधाचा टिळा पुसट झाला होता. कोट मात्र तसाच काळाभोर, खुर्ची तशीच. म्हातारे होत होते ते फक्त मामाजी.

गेलेला माणूस म्हातारा होतो का हो? तुम्ही हसा. मी तिथं हसलो नाही.

मी शास्त्रज्ञाच्या आवाजात म्हणालो की शाई हलकी असणार. नितीन स्टुडिओवाल्याशी भांडून आला. मग दुसऱ्या, नावाजलेल्या स्टुडिओतून, चांगल्या शाईनं, हुबेहूब तसाच फोटो करून आणला. मामाजी पुन्हा काळ्या मिशीनं खिडकीसमोर बसले. मामींनी मला विचारलं, लेप राहिलाय का थोडा? राहिला होता. त्याहून चांगला होता. मधल्या काळात माझी पावडर आणखी सुधारली होती. मी दोन हात दिले.

या वेळी चेहरा भराभर जायला लागला.

रोज संध्याकाळी मामाजी सकाळपेक्षा कमी असायचे. आधी मिशी, मग ओठ, मग नाक. गाल आणि कपाळ एकच पांढरं होत गेलं. डोळ्यांवर ब्रश जपून फिरवला होता, म्हणून ते मागे राहिले. एका पांढऱ्या, सपाट चेहऱ्यात दोन डोळे, आणि ते अजूनही, हॉलमध्ये कुठंही बसा, तुमच्यावरच. मी सोफ्याची जागा बदलून पाहिली. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पाहिलं. ते तिथंही आले. मग तेही गेले. उरला काळा कोट, त्यातून वर आलेली कॉलर, आणि कॉलरच्या वर काहीच नाही. गुडघ्यांवर जिथं हात होते तिथं दोन पांढरे डाग.

आता कुणी शाईचं नाव काढेना. घरात बोलणं कमी झालं. नितीनच्या मनात बरेच दिवस होतं की आरामशीन बंद करून तिथं प्लायवूडचं शोरूम टाकायचं. मामाजी होते तोवर ही गोष्ट त्यांच्यासमोर काढायची कुणाची टाप नव्हती. आता मामींनी एकदाच, फोटोकडे न बघता, त्याला सांगितलं, "तोंड फिरवलं रे त्यांनी. आपल्याकडून तोंड फिरवलं." नितीननं शोरूमचा विषय सोडला. पण मशीनही त्याला लावावीशी वाटेना. ती बंद पडून राहिली. त्या घरात मी आवाजाशिवाय कधी बसलो नव्हतो. ती शांतता ऐकू यायची.

आणि मामी जेवेनाशा झाल्या. घास घ्यायच्या आणि तसाच हातात धरून बसायच्या. शुभांगीनं फार जवळ बसून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की फोटो गेल्याचं काही नाही, फोटो कागदाचाच असते. "पण आता मी डोळे मिटले तरी मले त्यांचा चेहरा दिसत नाही. तिथंही पांढरंच दिसते."

हे शुभांगीनं मला घरी येऊन सांगितलं आणि रडली. तोवर मलाही तसंच व्हायला लागलं होतं.

पुढचं सांगताना जरा लाज वाटते. एके दिवशी दुपारी मी एकटाच लकडगंजात गेलो. मामी आतल्या खोलीत पडल्या होत्या, नितीन बाहेर. नागपूरची मे महिन्यातली दुपार तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यावर कुत्रं नसतं, सावल्यासुद्धा भिंतीला चिकटून बसतात. लाईट गेली होती. पंखा बंद, कूलर बंद. खिडकीतून ऊन येऊन सरळ त्या कोटावर पडलेलं आणि कोटाच्या वर ती पांढरी पोकळी. मला आठवलं की मामाजींनी दवाखान्यात असताना मला जवळ बोलावलं होतं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, आणि नर्स आली म्हणून राहून गेलं होतं. ते काय असेल? मुलीला नीट ठेवा? की तुम्ही मला कधी आवडलाच नाहीत?

मी कान धरले. पुढचं वाक्य तुम्हाला सांगितलंच आहे.

ते तोंडातून निघायला आणि लाईट यायला एकच गाठ पडली. कूलरनं घशात पाणी अडकल्यासारखा आवाज काढून एक लांब उसासा सोडला, वाऱ्याचा झोत आला आणि फोटोवरचा चंदनाचा हार असा हलला, जणू कुणी मान डोलावली. मी जिना कसा उतरलो ते मला माहीत नाही. चपला वरच राहिल्या. मे महिन्यात, डांबरी रस्त्यावर, अनवाणी. गाडीपर्यंत पोचेस्तोवर मी नाचत होतो. समोरच्या पानठेल्यावरच्या माणसानं विचारलं, "काहून गा भाऊ, काय झालं?" मी त्याला म्हणालो, काही नाही, जरा घाईत आहे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गच्चीवर माझा प्रयोग होता. सुट्या लागलेल्या, इमारत रिकामी. नेहमीचाच प्रयोग. पाण्यात निळा रंग कालवायचा, बशांमध्ये ओतायचा, प्रत्येक बशीत वेगवेगळी भाजलेली पावडर टाकायची आणि सगळ्या उन्हात ठेवायच्या. मी जिन्याच्या सावलीत बसून पाहत होतो. आळशी पावडरीच्या बशीतला निळा तसाच होता. मधल्या बशीतला फिका झाला होता. आणि माझ्या लाडक्या, मापात भाजलेल्या पावडरीच्या बशीतला निळा माझ्या डोळ्यांदेखत विरत गेला. आधी आकाशी, मग धुरकट, मग काहीच नाही. पांढऱ्या बशीत पांढरं गढूळ पाणी. रंग कुठं गेला म्हणाल तर कुठंच नाही. ऊन पडलं की ती पावडर रंग खाऊन टाकते. चपळ म्हणजे हेच. याच गुणासाठी तर मी इतकी वर्षं तिला भाजत होतो. माझ्या प्रबंधाच्या नावातच होतं: उन्हाच्या मदतीनं रंग नाहीसा करणे.

मी ती बशी उचलून सावलीत आणली, तरी निळा परत आला नाही.

मामाजींनी तोंड फिरवलं नव्हतं. मीच ते खाल्लं होतं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर दोन हात देऊन.

मी शुभांगीला घेऊन तडक लकडगंजात गेलो. मामी, नितीन आणि शुभांगीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ऊन, पावडर, भट्टी, बशा, सगळं. लेप चेहऱ्यावर आणि हातांवर होता म्हणून तेवढंच गेलं, कोटावर नव्हता म्हणून कोट राहिला, हेही दाखवलं. बोलून झाल्यावर मी मान खाली घालून बसलो. आता काय ऐकावं लागेल याची तयारी होती.

मामी उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जवाईबापू, तुमी लई चांगले आहात. मले बरं वाटावं म्हणून सारं सोताच्या अंगावर घेऊन राहिले."

मी म्हटलं, मामी, खरंच माझ्या पावडरीनं झालं. तर त्यांनी नितीनकडे पाहिलं. नितीन अवघडून म्हणाला, "जीजाजी, राग नका मानू. पण तुमच्या पावडरीनं एवढं होते, असं कोणाले वाटन तरी का?"

म्हणजे बघा. मेलेल्या माणसानं रागावून फोटोतून निघून जाणं, हे त्या घराला पटत होतं. माझं संशोधन यशस्वी झालं, हे पटत नव्हतं. माझ्या गाइड मॅडमनीसुद्धा माझ्यावर इतका अविश्वास कधी दाखवला नाही.

मग मी हट्टालाच पेटलो. त्याच स्टुडिओत, त्याच कॅनव्हासवर, तेवढ्याच आकारात आमच्या लग्नाचा फोटो छापून आणला. मी आणि शुभांगी, मुंडावळ्या बांधलेले. सगळ्यांच्या समोर ब्रश घेतला आणि फक्त माझ्या चेहऱ्यावर लेप दिला. शुभांगीचा चेहरा तसाच सोडला. मामाजींचा रिकामा कोट खिळ्यावरून उतरवून कपाटात ठेवला आणि त्या खिळ्यावर आम्हाला टांगलं. मामींना हे मुळीच आवडलं नव्हतं. जित्या माणसाचा फोटो त्या खिळ्यावर लावू नये, म्हणत होत्या. मी ऐकलं नाही.

पण खरं सांगू? मग मी रोज तिथं जाऊन उभा राहू लागलो आणि ते बघणं सोपं नव्हतं. आपला चेहरा आपल्यासमोर जाताना बघितलाय कधी? आधी भुवया फिक्या पडल्या. मग हसू गेलं. ओठ जागेवर होते, पण हसू नव्हतं, असा एक दिवस मध्ये होता. त्या दिवशी मी घरी जाऊन आरशात दोनदा पाहिलं. रसायन माहीत होतं, भट्टीचा आकडा पाठ होता, तरी आरशासमोर एकदा हसून पाहिलं. मामी मात्र रोज फोटोकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. मग हळूहळू चहाबरोबर मला पोहे मिळायला लागले. मग त्या स्वतःही माझ्यासोबत एक बशी घेऊन बसायला लागल्या.

शेवटी मुंडावळ्यांच्या मध्ये पांढरं वर्तुळ तेवढं राहिलं. बाजूला शुभांगी, अगदी टवटवीत, हसरी. त्या दिवशी मामी फोटोसमोर उभ्या राहिल्या, वळून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "म्हणजे ते गेलेच नव्हते?"

मी म्हटलं, नव्हते.

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडून घेतलं. मग नितीनला म्हणाल्या, आता फोटो आणशील तो काचेचा आण, अन् जवाईबापूंले हात लावू देऊ नको. तुझं ते शोरूम कधी करतो ते त्यांच्यासमोर बसून सांग, एवढंच.

फोटो आला. मामाजी पुन्हा काळ्या मिशीनं, काचेआडून माझ्यावर नजर ठेवून बसले. मी माझा फोटो काढून न्यायला निघालो तर मामींनी अडवलं. राहू द्या म्हणाल्या. शेजारीच दुसरा खिळा ठोकून घेतला. "तिथं तुमचा चेहरा नाही अन् तुमी हितं समोर बसून चहा पिऊन राहिले. हे पाह्यलं की मले भेव वाटत नाही." राहू दिला.

झालं. पुढच्या महिन्यात उमरेडहून मामींचे एक दूरचे भाऊ आले. धंतोलीत डॉक्टरांना दाखवायचं होतं म्हणून दोन दिवस मुक्कामाला. मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, लग्नालाही येणं झालं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी मामाजींच्या फोटोला हात जोडले. मग नजर शेजारी गेली. मुंडावळ्या बांधलेली हसरी शुभांगी आणि तिच्या बाजूला पांढरी पोकळी. ते तिथंच थिजले. आतून शुभांगी पाण्याचा ग्लास घेऊन आली, तिच्याकडे त्यांनी अशा काही डोळ्यांनी पाहिलं की ती ग्लास ठेवून आत गेली. मी कोपऱ्यात बसून त्यांच्यासाठीच सफरचंद चिरत होतो.

त्यांनी माझ्या नसलेल्या चेहऱ्याला हात जोडले, डोळे टिपले आणि मामींना अगदी हळू विचारलं, "फार वाईट झालं, ताई. मले कोणी कळवलंच नाही. कधी गेले जवाई?"

मामींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मोठा सुस्कारा सोडून म्हणाल्या, "गेले नाहीत बाप्पा. पीएचडी करून राहिले."